रानटी क्रोकस घरच्या बागेत: आधी त्याचा उन्हाळा ओळखा

रानटी क्रोकसचे कंद बागेत दगावतात ते बहुतेक वेळा उन्हाळ्यात. पाने वाळून गेलेली असतात, जमिनीवर काहीच दिसत नाही, आणि त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर सवयीने पाणी पडत राहते. शरदात उकरून पाहावे तर हाती लागते तपकिरी साल आणि आत मऊ लगदा. बर्फातून डोके वर काढणारी ही वनस्पती कडाक्याची थंडी सोसते, पण गरम आणि ओली माती तिला सोसत नाही. म्हणून जात निवडण्यापासून कुंडी भरण्यापर्यंतचे सगळे निर्णय एका प्रश्नावर बेतायचे: ही जात तिच्या मूळ जागी जून ते ऑगस्ट कशी काढते?

(या लेखातले महिने उत्तर गोलार्धातले आहेत. दक्षिण गोलार्धात सहा महिने पुढे सरकवा.)

क्रोकस हा आयरिसच्या कुळातला. पश्चिमेला पोर्तुगाल-मोरोक्कोपासून पूर्वेला चीनच्या पश्चिम टोकापर्यंत त्याचा पट्टा पसरला आहे आणि आज त्याच्या दोनशेहून अधिक जाती मानल्या जातात. सर्वांत जास्त वैविध्य तुर्कस्तान आणि बाल्कन प्रदेशात. जमिनीखाली असतो तो घनकंद, म्हणजे कांद्यासारखे थर नसलेला भरीव, पिठूळ गोळा. तो दरवर्षी पूर्ण संपतो आणि त्याच्याच डोक्यावर नवा तयार होतो. फूल येऊन गेल्यापासून पाने पिवळी पडेपर्यंतचा काळ या नव्या कंदाच्या भरणीचा. तो कमी पडला की पुढच्या वर्षी फूल नाही. हे चक्र डोक्यात पक्के बसले की पुढच्या बहुतेक सूचना आपोआप सुचतात.

तीन प्रकारचे उन्हाळे

पहिला गट भाजून निघणाऱ्या उन्हाळ्याचा. ग्रीसच्या खडकाळ उतारांवर, तुर्कस्तानातल्या अनातोलियाच्या पठारावर, क्रिमियात, मध्य आशियाच्या डोंगरपायथ्यांवर मे महिन्यानंतर माती दगडासारखी होते. क्रायसँथस, अँकिरेन्सिस, अँगुस्टिफोलियस, फ्लायशेरी, गुलिमी, लेविगाटस, कार्टराइटियानस, कोरोल्कोवी, अलाटाविकस या जाती इथल्या. त्यांना सुप्तावस्थेत पाणी नकोच.

दुसरा गट मधला. टॉमासिनियानस बाल्कन प्रदेशातल्या जंगलांत झाडांच्या सावलीत वाढतो, तर स्पेसिओसस, पुल्केलस आणि कोट्शियानस डोंगरी कुरणांत आणि विरळ वनांत. उन्हाळ्यात तिथली माती वरून कोरडी पडते, पण हात-दीड हात खाली थोडा गारवा टिकून असतो. अधूनमधून पडणारी पावसाची सर हे कंद निभावून नेतात. बागेत सर्वांत सहज रुळतो तो हाच गट.

तिसरा गट ओल्या उन्हाळ्याचा, आणि इथे नेहमीचा सल्ला उलटा पडतो. रुमानियाकडचा बनाटिकस, नैर्ऋत्य फ्रान्स आणि उत्तर स्पेनमधला न्यूडिफ्लोरस, तुर्की डोंगरांवर बर्फ वितळून ओल्या झालेल्या कुरणांतला गार्गारिकस, आणि उत्तर मॅसिडोनियाच्या परिसरातल्या उंच पर्वतांवरचे पेलिस्टेरिकस व स्कार्डिकस. हे कंद पूर्ण वाळले की सुरकुततात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. पेलिस्टेरिकस आणि स्कार्डिकस ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बाकी जवळजवळ सर्व क्रोकसच्या पानावर मधोमध पांढरी रेघ असते, या दोघांच्या पानावर ती नसते. ज्याच्या पानावर रेघ नाही त्याला उन्हाळ्यातही पाणी द्यायचे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

सुरुवात कोणत्या जातींनी करावी

पहिल्या वर्षी चार-पाच जाती घ्याव्यात, प्रत्येकी किमान दहा कंद. एकेक कंदाच्या वीस जाती घेण्याचा मोह होतो. पण एक कंद गेला की ती जातच गेली, आणि तो का गेला हेही कळत नाही.

वसंतासाठी टॉमासिनियानस हवाच. फिकट जांभळी, बाहेरून रुपेरी झाक असलेली, सडपातळ फुले फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. बियांनी इतका पसरतो की नाजूक जातींच्या वाफ्यात त्याला येऊच देऊ नये. झुडपांखाली, गवतात, पानगळीच्या झाडांच्या बुंध्याशी त्याला मोकळे सोडावे. पिवळ्यासाठी अँकिरेन्सिस: फूल छोटे, पण एका कंदातून अनेक येतात, आणि फार लवकर. अँगुस्टिफोलियसच्या सोनेरी पाकळ्यांवर बाहेरून गडद तपकिरी पट्टे असतात आणि ऊन पडले की पाकळ्या पूर्ण मागे वळतात. क्रायसँथसची मूळ रानटी रूपे केशरी-पिवळी असतात. बाजारात त्याच्या नावाने मिळणारे निळे-पांढरे बहुतेक वाण संकरित. लावायला उत्तम, फक्त त्यांना रानटी समजू नये. सीबेरी आणि त्याचे जवळचे नातेवाईक यांच्या फुलाचा घसा गडद पिवळा असतो, आणि निचरा बरा असेल तर ते वर्षानुवर्षे टिकतात.

शरदासाठी स्पेसिओससला तोड नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठी निळसर-जांभळी फुले, त्यांवर बारीक गडद शिरा, आणि मधोमध केसासारखी विभागलेली केशरी कुक्षी (पराग धरणारा फुलाचा भाग). छोटे कंद भरपूर होतात, त्यामुळे जागा पटकन भरते. पुल्केलस त्याच्यासारखाच, पण घशात पिवळा आणि परागकोश पांढरे. या दोघांची आणि कोट्शियानस, न्यूडिफ्लोरस, बनाटिकस यांची फुले पानांशिवाय येतात. पाने निघतात ती हिवाळा सरता सरता. नवख्या माळ्याला वाटते झाड अर्धवट राहिले, आणि रिकामी जागा दिसली म्हणून तो तिथे दुसरे काही लावायला खुरपी घालतो. लावताना तिथे खुणेची काडी रोवाच.

गुलिमीचे वेगळे सांगायला हवे. दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीज द्वीपकल्पातल्या ऑलिव्हच्या बागांत वाढणारी ही जात विज्ञानाला माहीत झाली ती 1955 मध्ये, म्हणजे फार अलीकडे. लांब पांढऱ्या नळीवर फिकट जांभळे गोलसर फूल, आणि पाने फुलाबरोबरच. कंद दरवर्षी फुटून वाढतात. हलका हिवाळा आणि कोरडा उन्हाळा असेल तर जमिनीत, नाहीतर कुंडीत. भूमध्यसागरी क्रोकसपैकी कुंडीत सर्वांत कमी रुसणारी जात हीच.

बनाटिकस मात्र दुसऱ्या वर्षी आणा. आतल्या तीन पाकळ्या बाहेरच्यांपेक्षा बऱ्याच लहान असल्यामुळे फूल छोट्या आयरिससारखे दिसते आणि कुक्षी जांभळी असते. त्याला अर्धी सावली, भरपूर पानखत आणि वर्षभर टिकणारी ओल लागते. फर्न जिथे सुखाने वाढतात तिथे हा वाढतो. पेलिस्टेरिकस, स्कार्डिकस आणि फिकट निळसर बायटोपिओरम हे हात बसल्यावरचे.

केशराबद्दल प्रश्न येतोच. केशराचा क्रोकस सटिव्हस रानात सापडत नाही. तो त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेला) आणि वांझ आहे, माणसाने कंदांवरच जगवलेला. त्याचा रानटी पूर्वज म्हणजे ग्रीसमधला कार्टराइटियानस. दोघांचीही फुले एकदा उमलली की इतर क्रोकससारखी रात्री मिटत नाहीत. रानटी जातींच्या कुक्षी केशर म्हणून खाऊ नका. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोल्चिकम नावाची, शरदात अगदी तशीच फुले देणारी वनस्पती अत्यंत विषारी आहे. फरक मोजून कळतो: क्रोकसला पुंकेसर तीन, कोल्चिकमला सहा. घरात लहान मुले असतील तर हा फरक त्यांनाही दाखवून ठेवा.

कंद विकत घेताना

रोपवाटिकेत वाढवलेले कंदच घ्या, आणि विक्रेत्याला तसे स्पष्ट विचारा. काही जाती एखाद्याच डोंगरावर असतात, तिथून उपटलेला कंद विकत घेणे म्हणजे ती जात संपवायला हातभार लावणे. दुर्मीळ जातींसाठी बी हाच खरा मार्ग. स्कॉटिश रॉक गार्डन क्लब आणि अल्पाइन गार्डन सोसायटी यांसारख्या संस्था सभासदांसाठी बियांची देवघेव चालवतात. परदेशातून कंद किंवा बी मागवताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते का, हे आपल्या देशाच्या नियमांत आधी पाहा.

कंद हातात घेऊन दाबून पाहा. टणक आणि वजनदार हवा. बुडाशी मऊपणा, हिरवट-निळी बुरशी किंवा कुजका वास असेल तर नको. साल थोडी सुटलेली असली तर हरकत नाही, उलट ती पाहून जात ताडता येते. अँगुस्टिफोलियस आणि अँकिरेन्सिसच्या कंदावर जाड तंतूंची जाळी असते. क्रायसँथसची साल गुळगुळीत, कागदासारखी, आणि बुडाशी बांगड्यांसारखी गोल वेटोळी सुटतात. फ्लायशेरीचे तंतू वेणी घातल्यासारखे एकमेकांत गुंफलेले. पाकिटावर अँगुस्टिफोलियस लिहिले आहे आणि हातातल्या कंदाला बांगड्या आहेत, तर पाकीट चुकले आहे.

कोट्शियानसचा एक ठरलेला त्रास असा की बाजारातला बराच माल दाण्यांएवढे कंद ढिगाने देतो आणि फूल जवळजवळ देतच नाही. दोष माळ्याचा नसतो, त्या वाणाचा असतो. दोन वर्षे वाट पाहून तो टाकावा आणि बियांपासून वाढवलेला चांगला वाण शोधावा.

जमिनीत लावणे

शरदात फुलणारे कंद मिळाल्या दिवशीच लावायचे, ऑगस्ट संपायच्या आत. उशीर झाला तर ते पिशवीतच फुलतात आणि मुळे फुटण्याआधीच साठवण खर्च करून बसतात. वसंतातले सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. ओल्या उन्हाळ्याच्या गटातले कंद कोरडे विकायलाच नकोत. ते किंचित दमट पीटमध्ये (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाच्या मातीत) किंवा कुंडीतच मिळाले तर घ्यावेत.

जागा अशी हवी की फुलण्याच्या दिवसांत किमान पाच-सहा तास ऊन पडेल. क्रोकसची फुले ऊब लागल्याशिवाय उघडतच नाहीत, सावलीत ती मिटलेल्या कळ्यांसारखी उभी राहून वाळून जातात. पानगळीच्या झाडाखालची जागा उत्तम, कारण फुलांच्या वेळी वर पाने नसतात आणि उन्हाळ्यात झाडाची मुळे माती कोरडी ठेवतात.

निचऱ्याची परीक्षा आधी करा. एक वीत रुंद, एक वीत खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी तासा-दोन तासांत जिरले तर काही करायला नको. रात्रभर थांबले तर त्या जागी वाफा उंचवा: 20 ते 25 सेंटिमीटर उंचीचा, बागेतली माती आणि 3 ते 6 मिलिमीटरची धारदार खडी समसमान मिसळून. चिकणमातीत नुसता खड्डा खणून त्यात खडी भरणे ही फार घडणारी चूक आहे. आजूबाजूचे पाणी त्याच खड्ड्यात उतरते आणि कंद वाटीत बसल्यासारखा भिजत राहतो. समुद्रकाठची किंवा बांधकामाची बारीक वाळूही नको. ती मातीत मिसळली की निचरा सुधारण्याऐवजी गच्च बसते.

मातीचा सामू (पीएच) तटस्थ ते किंचित अल्कधर्मी असला की बहुतेक जाती खूश. पेलिस्टेरिकस आणि स्कार्डिकसला आम्लधर्मी माती हवी.

लावण्याची कृती अशी:

1. वाफा 20 सेंटिमीटर खोल भुसभुशीत करा. प्रत्येक चौरस मीटरला मूठभर हाडांचा चुरा मिसळा. ताजे शेणखत अजिबात नको, त्याने कंद कुजतो.
2. मोठे कंद (स्पेसिओसस, टॉमासिनियानस) 8 ते 10 सेंटिमीटर खोल, छोटे (अँकिरेन्सिस, फ्लायशेरी, मिनिमस) 6 ते 8 सेंटिमीटर. खोली कंदाच्या डोक्यापासून मोजा.
3. दोन कंदांत 5 ते 8 सेंटिमीटर अंतर. चपटी बाजू खाली, टोक वर. ओळखता येत नसेल तर आडवा ठेवा, कोंब आपली वाट काढतो.
4. कंदाखाली आणि भोवती बोटभर जाड भरड वाळू घाला. पुढे उकरताना कंद शोधायला हीच वाळू उपयोगी पडते.
5. माती लोटून तळव्याने दाबा. उंदरांचा वावर असेल तर वरून 12 मिलिमीटर भोकांची तारेची जाळी अंथरून तिच्यावर 2 सेंटिमीटर खडी पसरा. पाने आणि फुले जाळीतून सहज वर येतात.
6. एकदा भरपूर पाणी द्या, मग माती वरून कोरडी होईपर्यंत थांबा.

उथळ लावलेला कंद फुटून बारीक बारीक तुकडे होतो आणि फूल देईनासा होतो. शंका असेल तेव्हा एक बोट खोलच लावावे. शिवाय क्रोकसला आकुंचन पावणारी मुळे असतात, कंद त्यांच्या जोरावर स्वतःला खाली ओढून घेतो.

हिरवळीत लावायचे असेल तर गवताचा थर कुदळीने उलटवून खाली कंद विखरा आणि थर पुन्हा दाबून बसवा. स्पेसिओसस, टॉमासिनियानस आणि न्यूडिफ्लोरस गवताशी झुंज देऊ शकतात, बाकीचे हरतात. वसंतात पाने पूर्ण पिवळी पडेपर्यंत, म्हणजे फुलांनंतर साधारण सहा ते आठ आठवडे, गवत कापायचे नाही. पाने गुंडाळून गाठ मारणे नीटनेटके दिसते, पण त्याने कंदाची भरणीच थांबते.

कुंडीतली शेती

पहिल्या आणि तिसऱ्या गटातल्या जातींसाठी कुंडी हाच विश्वासाचा मार्ग, कारण उन्हाळा आपल्या हातात राहतो. जिथे उन्हाळ्यातच मुसळधार पाऊस पडतो तिथे तर कोरड्या गटाला दुसरा उपायच नाही.

कुंडी मातीची, 15 ते 18 सेंटिमीटर खोल, तोंड 13 ते 15 सेंटिमीटरचे. प्लास्टिकचीही चालते, पण पाणी निम्मे करावे लागते. मिश्रणात पोयटा मातीवर आधारलेले कुंडीमिश्रण दोन भाग, 3 ते 5 मिलिमीटरची खडी दोन भाग आणि चाळलेले पानखत एक भाग. कोरोल्कोवी, अलाटाविकस यांसारख्या मध्य आशियाई जातींना पानखत वगळा. पेलिस्टेरिकससाठी हेच उलटे: आम्लधर्मी पानखत किंवा पीट दोन भाग, चुनामुक्त भरड वाळू एक भाग.

कुंडीच्या भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, निम्म्यापर्यंत मिश्रण भरा, त्यावर एक सेंटिमीटर भरड वाळू, वाळूवर पाच ते सात कंद एकमेकांना आणि कुंडीच्या कडेला न टेकता. वरून मिश्रण आणि शेवटी एक सेंटिमीटर खडी. नावाची पट्टी कुंडीत बाहेरून एक आणि मातीत पुरलेली एक अशा दोन ठेवा. बाहेरच्या पट्टीवरची शाई उन्हाने उडते, आणि फूल नसताना क्रोकसची जात पानांवरून सांगणे जाणकारांनाही जड जाते.

कुंड्या वाळूच्या पेटीत गळ्यापर्यंत पुरून ठेवल्या तर सगळ्यांत बरे. ओल संथपणे आत-बाहेर होते, हिवाळ्यात कुंडी घट्ट गोठत नाही आणि उन्हात तापत नाही. जमिनीत बर्फ सहज सोसणारा कंद उघड्यावरच्या छोट्या कुंडीत मात्र वारंवार गोठून-वितळून मरू शकतो, कारण तिथे थंडी चारही बाजूंनी शिरते.

पाण्याचे वर्ष सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. त्या दिवशी कुंडी खालून पाणी गळेपर्यंत भिजवा. मूळ प्रदेशात पहिला शरदाचा पाऊस हेच काम करतो, आणि मुळे त्याच इशाऱ्यावर सुटतात. त्यानंतर माती नुसती दमट राहील एवढेच. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ दिवसांत आणखी कमी. कोंब वर आले, फुले आली, की पाणी वाढवा. फुले संपल्यावर पाणी तोडण्याची घाई बरेच जण करतात आणि पुढच्या वर्षीची फुले तिथेच गमावतात. या आठवड्यांत पाणी सर्वांत जास्त लागते. पानांची टोके पिवळी दिसू लागली की कमी करत जा, निम्मे पान पिवळे झाले की थांबा.

खत याच काळात. टोमॅटोसाठी मिळणारे पोटॅशयुक्त द्रवखत निम्म्या तीव्रतेचे, पाने वर आल्यापासून पिवळी पडेपर्यंत दर दोन आठवड्यांनी. नत्र जास्त असलेले खत पाने लांबवते आणि कंद पोकळ ठेवते.

उन्हाळ्यात कोरड्या गटाच्या कुंड्या पावसाच्या आडोशाला, हवेशीर जागी. थेट कडक उन्हात काळी प्लास्टिकची कुंडी ठेवू नका, आत कंद शिजतो. मधल्या गटाच्या कुंड्या सावलीत ठेवून बाजूची वाळू महिन्यातून दोनदा भिजवा, कुंडीत थेट पाणी नको. तिसऱ्या गटाला पाणी चालूच. पेलिस्टेरिकसची कुंडी वाढीच्या दिवसांत बोटभर पाणी असलेल्या ताटलीत ठेवली तरी चालते.

जुलै-ऑगस्टमध्ये कुंडी उलटवून कंद काढा. जुन्या कंदाची वाळलेली चकती बुडाला चिकटलेली असते, ती अलगद सोडवा. सैल साल काढा, पण शेवटचा घट्ट थर राहू द्या. आकारांप्रमाणे वेगळे करा, मोठे नव्या मिश्रणात आणि दाणे दुसऱ्या कुंडीत. दरवर्षी जमले तर उत्तम, दोन वर्षांहून अधिक लांबवू नका. ओल्या गटाचे कंद असे उघडे ठेवायचे नाहीत, बाहेर काढले की त्याच तासात परत मातीत.

हिवाळा पुरेसा थंड नसेल तर

वसंतात फुलणाऱ्या जातींची कळी उन्हाळ्याच्या उबेत कंदाच्या आत तयार होते, पण देठ लांबायला थंडी लागते: 5 ते 9 अंश सेल्सियसमध्ये बारा ते पंधरा आठवडे. ती मिळाली नाही तर फूल मातीतच अडकते किंवा कळी वाळते. उष्ण ठिकाणी लावलेल्या कुंड्या दमट अवस्थेत थंडपेटीत (फ्रिजमध्ये) ठेवता येतात, मात्र जवळ फळे नकोत. पिकणारी फळे सोडतात तो इथिलीन वायू कळी मारतो. कुंडी बाहेर काढल्यावर लगेच कडक उन्हात न नेता आठवडाभर गार उजेडात ठेवा.

अशा ठिकाणी खरी मदार शरदातल्या भूमध्यसागरी जातींवर ठेवावी: गुलिमी, कार्टराइटियानस, लेविगाटस, आणि लेबनॉन-इस्राएलकडचा पांढरा ओक्रोल्यूकस. रात्रीचे तापमान 15-17 अंशांपर्यंत उतरले की यांची फुले येतात, बर्फाची गरज नसते. अडचण पुढे आहे. फुलानंतर पानांना चार-पाच महिने गार, उजळ हवामान लागते. हिवाळा दोनच महिन्यांचा असेल तर कंद वर्षागणिक लहान होत जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी नवे कंद आणावे लागतात. हे आधीच जाणून लावावे.

बियांपासून

यात वेळ लागतो, पण विषाणूमुक्त रोपे मिळण्याचा हा सर्वांत खात्रीचा रस्ता आहे, कारण विषाणू कंदातून पिढ्यान्‌पिढ्या जातो तसा बियांतून सहसा जात नाही.

क्रोकसचा बीजकोश जमिनीखाली असतो. फूल गेल्यावर काही दिसत नाही, म्हणून बी धरलेच नाही असे वाटते. पाने पिवळी पडू लागली की बोंड जमिनीच्या वर येते. शरदातल्या जातींचेही बोंड पुढच्या वसंतातच दिसते. टोक उकलायला लागले की लगेच तोडा. दोन दिवस उशीर झाला तर मुंग्या बिया घेऊन जातात. शुद्ध जात हवी असेल तर त्याच जातीच्या एका रोपाचा पराग दुसऱ्या रोपाच्या फुलाला मऊ कुंचल्याने दुपारच्या उन्हात लावा आणि जवळच्या नात्यातल्या जाती त्या दिवसांत दूर ठेवा.

पेरणी सप्टेंबरपर्यंत करावी, ताजे बी असेल तर आधीही. 12 सेंटिमीटर खोल कुंडीत कंदांसाठी सांगितलेलेच मिश्रण, बिया एक सेंटिमीटर अंतराने, वर तेवढीच खडी. कुंडी बाहेर थंडीत ठेवा. हिवाळ्याच्या शेवटी गवतासारखे एकेक पान निघते, ते गवत समजून उपटू नका. पहिली दोन वर्षे रोपे त्याच कुंडीत राहू द्या, पान असेपर्यंत पाणी आणि पातळ खत चालू ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात कुंडी पूर्ण वाळू देऊ नका, ज्वारीच्या दाण्याएवढा कंद लगेच सुकतो. फूल तिसऱ्या ते पाचव्या वर्षी. जुने बी पहिल्या वर्षी न उगवता दुसऱ्या वर्षी उगवते, म्हणून रिकामी कुंडी दोन वर्षे फेकू नका.

काय बिघडते आणि का

पाने आली, फूल नाही: आदल्या वर्षी पाने लवकर कापली, खत-पाणी लवकर तोडले, कंद उथळ किंवा दाटीने आहेत, नाहीतर जागा सावलीची झाली. दाट झालेला पुंजका पाने पिवळी पडताना उकरून वेगळा करा.

पाकळ्यांवर गडद-फिकट ओरखडे, फूल वाकडे, पानांवर पिवळे पट्टे: हा विषाणू. उपाय नाही. ते रोप मुळासकट काढून टाका, कचऱ्याच्या खतात नको. तो पसरवतो मावा, आणि मावा हिवाळ्यात आच्छादनाखालच्या कुंड्यांत पानांच्या बेचक्यात लपून वाढतो. आठवड्यातून एकदा पाने बाजूला करून बघा, दिसला की बोटाने चिरडा किंवा साबणाच्या पाण्याने धुवा. एखादे सुंदर ओरखडलेले फूल जपून ठेवण्याचा मोह होतो, आणि त्या एका फुलापायी सगळा संग्रह हातचा जातो.

कंदावर निळसर बुरशी साठवणीत येते, जखम झालेल्या कंदावर आधी. साठवण कागदी पिशवीत, हवेशीर, आणि शक्य तितकी कमी दिवसांची. बुडापासून तपकिरी कुज मातीतली असते. त्या कुंडीतले मिश्रण फेकून द्या आणि कुंडी उकळत्या पाण्याने धुवा.

फुले सकाळी तुटून विखुरलेली आढळली आणि ती पिवळी असली, तर चिमण्या. काळ्या दोऱ्यांची आडवी-उभी ओढ फुलांच्या वर बांधली की थांबतात, पण दोरा ताणून बांधा, सैल दोऱ्यात पक्ष्याचा पाय अडकतो. फुलांना भोके आणि चिकट माग असेल तर गोगलगाई, रात्री बॅटरी घेऊन वेचा.

ओल्या हवेत वाळलेल्या फुलांवर राखाडी बुरशी धरते आणि पानांत उतरते. कोमेजलेले फूल नळीसह हलकेच उपटून काढा. बीजकोश जमिनीखाली सुरक्षित राहतो, त्यामुळे बी मिळण्यात काही अडचण येत नाही.